हे म्हणणे खरे नाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी ती छत्तीस वर्षे रोज सकाळी चढलो आणि संध्याकाळी उतरलो. त्याबद्दल सरकारने मला पगार दिला आणि आता निवृत्तिवेतन देते. त्यामुळे माझ्या शहाणपणाचा प्रश्न महिन्याच्या पहिल्या तारखेला तरी मला सतावत नाही. मी कोर्टात टंकलेखक होतो. न्यायाधीशांच्या उंच आसनाखाली, साक्षीच्या पिंजऱ्याला जवळजवळ टेकून एक लहानसे टेबल असते. त्या टेबलावरचे यंत्र आणि त्यामागचा माणूस हे दोन्ही कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस वकिलाकडे पाहतो, साहेबांकडे पाहतो, आपल्या पक्षाच्या बाकाकडे चोरून पाहतो. माझ्याकडे मात्र कोणीही पाहत नसे. त्यामुळे मला सगळ्यांकडे मनसोक्त पाहता आले.

साक्ष कशी लिहितात, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना एक गंमत सांगतो. साक्षीदार आपल्या बोलीत, आडवळणाने, मध्येच खोकत आणि मध्येच बायकोची शपथ घेत बोलतो. साहेब ते बोलणे पाखडून सरळ करतात आणि टंकलेखकाला सांगतात. पण लिहायचे ते साक्षीदाराच्याच तोंडी, प्रथमपुरुषी एकवचनात. ‘मी शेती करतो. वादी माझा चुलत भाऊ लागतो. मी त्या दिवशी बांधावर हजर होतो.’ म्हणजे छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांचा ‘मी’ लिहीत होतो. सकाळी मी सावकार असे, दुपारी त्याचे कूळ, आणि चहानंतर त्या दोघांची मारामारी सोडवणारा हवालदार. नाटकातल्या नटालाही एका दिवसात इतके जन्म घ्यावे लागत नसतील!

या सगळ्या जन्मांचा शेवट मात्र एकाच वाक्याने व्हायचा. उलटतपासणी संपत आली की विरुद्ध बाजूचा वकील चष्मा काढतो, कागद मिटतो आणि रिवाज म्हणून साक्षीदाराला म्हणतो, ‘तुम्ही खोटी साक्ष देत आहात.’ साक्षीदार म्हणतो, ‘नाही.’ मग साहेब सांगतात आणि आम्ही टंकतो: ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ हे वाक्य माझ्या बोटांना इतके पाठ झाले होते, की साहेबांनी ‘मी खोटी’ एवढे उच्चारले की बाकीचे आपोआप उमटत असे. खरे बोलणाऱ्याच्या साक्षीखाली तेच वाक्य, धडधडीत थापा मारणाऱ्याच्या साक्षीखालीही तेच. न्यायाधीशांच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. कारण स्वतः खरे बोलत असल्याचे प्रमाणपत्र माणसाने स्वतःलाच द्यायचे ठरवले, तर ते कोण नापास करील?

स्वतःच्या सोयीचे बोलणे म्हणजे काय, हे शिकायला मोटार अपघाताच्या दाव्यासारखी दुसरी शाळा नाही. दोन्ही चालक आपापल्या डाव्या बाजूने जात असतात. दोघांचाही वेग बेताचा असतो. दोघांनीही हॉर्न वाजवलेला असतो, आणि समोरच्याला पाहताच दोघांनीही ब्रेक दाबलेला असतो. दोघांच्या साक्षी एकापाठोपाठ एक टंकल्यावर माझ्या मनात येई, की या दोन सज्जनांची टक्कर त्या रस्त्यावर होणे केवळ अशक्य आहे. पण मुद्देमालात चेपलेल्या गाडीची छायाचित्रे असत, आणि बाकावर पायाला प्लास्टर घातलेला, त्या दोघांपैकी कोणाचाच नसलेला एक वाटसरू बसलेला असे.

वाटणीच्या दाव्यातही तीच तऱ्हा. आईला शेवटपर्यंत कोणी सांभाळले? थोरल्याने. आणि धाकट्याने. आणि मधल्यानेही. तीन मुलांनी इतक्या जिवापाड सांभाळलेली ती माउली अखेर लेकीच्या घरी का वारली, हे मात्र तिघांनाही आठवत नसे.

स्मरणशक्तीचा हा चमत्कार मला फार वेळा पाहायला मिळाला. बारा वर्षांपूर्वी आपण उसने दिलेले पैसे कोणत्या वारी, किती वाजता, कोणाच्या ओट्यावर मोजून दिले, हे माणूस घडाघडा सांगतो. त्याच माणसाला, त्यातले किती परत मिळाले असे विचारा. तो छताकडे पाहतो, पंख्याकडे पाहतो आणि म्हणतो, ‘आता नक्की सांगता येणार नाही.’ सोयीची आठवण दगडावर कोरलेली आणि गैरसोयीची पाण्यावर लिहिलेली!

माणसाचा हा स्वभाव काही आजचा नाही. आपल्या जुन्या न्यायपद्धतीनेही तो ओळखला होता. मराठेशाहीत आणि पेशवाईत वतनाचा तंटा निघाला, की गोतसभा देवळात बसे, साक्षीदाराच्या हाती बेलभंडार देत, खोटे बोलल्यास पूर्वज नरकात पडतील अशी आठवण करून देत. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही, की मग दिव्य. तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात बांधून त्यावर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी तो उघडून पाहायचा. आज ती रीत ऐकून अंगावर काटा येतो. पण तिच्यामागची निराशा मला समजते. दोन्ही पक्षांची तोंडे आपापल्याच फायद्याचे बोलतात, तेव्हा एकदा हातालाच विचारून पाहू, असे त्या लोकांनी ठरवले असावे.

इंग्रजांची तऱ्हा दुसऱ्या टोकाची. ज्याचा दाव्यात स्वार्थ आहे त्याला पिंजऱ्यात येऊच द्यायचे नाही, असा त्यांचा कित्येक शतकांचा दंडक होता. दिवाणी दाव्यात खुद्द वादी-प्रतिवादींना साक्ष देण्याची सर्वसाधारण मुभा इंग्लंडमध्ये मिळाली ती १८५१ साली, आणि फौजदारी खटल्यातल्या आरोपीला शपथेवर बोलता आले ते १८९८ पासून. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये पिकविकसाहेबांवर लग्नाचे वचन मोडल्याचा दावा होतो. ती कादंबरी १८३६-३७ सालची. ज्याच्यावर दावा आहे ते पिकविक, आणि जिने दावा केला ती बाई, दोघेही कोर्टात बसून असतात. पण दोघांपैकी एकाचीही साक्ष होत नाही. शाळकरी वयात ते प्रकरण वाचताना मला ही लेखकाची विसराळूपणाची चूक वाटली होती. पुढे नोकरीत आल्यावर कळले, की तो त्या काळचा कायदाच होता. नेमके काय घडले हे ज्या दोघांना ठाऊक, त्या दोघांनाच गप्प बसवून बाकीच्या गावाला विचारायचे!

आपल्याकडचा पुरावा कायदा १८७२ सालचा. तो रचणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले कायदामंत्री आणि पुढे प्रसिद्धीस आलेल्या व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेचे काका. पुतणीने माणसाच्या मनात काय चालते ते लिहिले. काकांनी माणसाच्या तोंडून जे निघते त्यातले किती घ्यावे, ते लिहून ठेवले. त्यांनी पक्षकारांना पिंजरा खुला ठेवला, पण एक कुंपणही घातले. त्यांच्या कायद्याचे एकविसावे कलम साधारण असे सांगते: माणूस पूर्वी कधी स्वतःच्या अपायाचे काही बोलला असेल, तर ते त्याच्याविरुद्ध पुराव्यात आणता येईल, पण स्वतःच्या फायद्याचे बोलून ठेवले असेल, तर ते त्याला स्वतःसाठी पुढे करता येणार नाही. याला अपवाद आहेत, पण ते मोजके.

स्टीफनसाहेबांनी कलमांखाली उदाहरणे दिली आहेत आणि ती मला लहानशा गोष्टींसारखी वाटत. एका जहाजाच्या कप्तानावर जहाज मुद्दाम बुडवल्याचा आरोप आहे. तो आपली रोजची नोंदवही हजर करतो. जहाज नेमून दिलेल्या मार्गानेच चालले होते, असे तीत दिसते. ही वही चालेल, कारण ती संकटापूर्वीपासून, रोजच्या कामाच्या ओघात लिहिलेली आहे. एकावर कलकत्त्यात गुन्हा केल्याचा आरोप आहे. तो त्याच दिवशी लाहोरहून स्वतः लिहिलेले पत्र दाखवतो. नुसते पत्र असते तर त्याला कोणी विचारले नसते. पण त्यावर लाहोरच्या टपालाचा त्याच तारखेचा शिक्का आहे, म्हणून ते चालेल. एकाजवळ खोटे नाणे सापडले. तो म्हणतो, मला संशय आला होता, म्हणून मी ते जाणकाराला दाखवले होते आणि त्याने ते खरे ठरवले. हेही चालेल. वाचता वाचता तत्त्व ध्यानात येते. माणसाच्या शब्दाला त्याच्याबाहेरच्या कशाचा तरी टेकू हवा: शिक्क्याचा, वहीचा, तिऱ्हाइताचा. तो कायदा आता गेला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. लाहोर तर त्याच्या किती तरी आधी परक्या देशात गेले होते. नव्या कायद्याच्या उदाहरणातून ते आता पुसले गेले. पण तत्त्व तेच राहिले आहे, फक्त एकविसाव्या कलमाचे एकोणिसावे झाले.

याचा अर्थ, आपल्या बाजूचे बोलणारा तेवढ्यामुळे खोटा ठरतो, असा नाही. दलीपसिंगाच्या खटल्यात, १९५३ साली, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ही गोष्ट फार चांगली मांडली. हे बोस पूर्वी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मृताचा जवळचा नातलग खऱ्या गुन्हेगाराला मोकळा सोडून निरपराध्याचे नाव घेईल, हे सहसा घडत नाही. तेव्हा नाते आहे एवढ्यावरून साक्ष टाकून देऊ नये. नाते वेगळे आणि स्वार्थ वेगळा. स्वार्थ दिसला तरी साक्ष फेकायची नाही, चाळणीतून घालायची. धान्य ठेवावे, कोंडा उडवावा. आमचे एक न्यायाधीश जेवणाच्या सुट्टीत म्हणत, ‘अहो, सगळाच कोंडा फेकायचा म्हटले, तर या देशात एकही दावा निकालात निघणार नाही.’

ही चाळणी कशी चालते, याचा मराठी माणसाला सर्वांत परिचित दाखला म्हणजे नानावटी खटला. १९५९ साली मुंबईत नौदलातल्या या अधिकाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी आहुजा नावाच्या गृहस्थाचा मृत्यू झाला. नानावटी स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले. आपला हेतू नव्हता, झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या, असे त्यांनी शपथेवर सांगितले. देखणा, गणवेशातला माणूस! ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटेना. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयात, त्या हकिकतीसमोर एक टॉवेल येऊन उभा राहिला. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या अंगावर टॉवेल होता. एवढी झटापट झाली, तीन गोळ्या सुटल्या, माणूस खाली कोसळला; आणि टॉवेल जागच्या जागी कसा? शिवाय घटनेनंतर लगेच नानावटी ज्या अधिकाऱ्यांकडे आपण होऊन गेले, त्यांच्यापाशी त्यांनी झटापटीचा उच्चार केला नव्हता. जन्मठेप कायम झाली. एवढ्या मोठ्या खटल्यात सर्वांत निःस्वार्थी साक्षीदार निघाला तो टॉवेल. त्याला कोणाला वाचवायचे नव्हते आणि कोणाला बुडवायचेही नव्हते.

पण माणूस पिंजऱ्यात केवळ मानेचा फास चुकवण्यासाठीच सोयीचे बोलतो का? माझा अनुभव तसा नाही. कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा ‘राशोमोन’ हा १९५० सालचा बोलपट पुष्कळांनी पाहिला असेल. जंगलात एका सामुराईचा मृत्यू होतो. पकडलेला डाकू छाती फुगवून सांगतो, की मीच त्याला मर्दासारखा लढून मारला. सामुराईच्या पत्नीच्या सांगण्यावरून कट्यार तिच्या हातात होती असे वाटते. आणि मेलेला सामुराई एका देवऋषिणीच्या अंगात येऊन म्हणतो, मी आपल्या हाताने जीव दिला! प्रत्येक जण मृत्यू आपल्याकडे ओढतो आहे. शिक्षेची भीती कोणालाच नाही. भीती आहे ती भित्रा, क्षुद्र, हास्यास्पद दिसण्याची.

तो बोलपट पाहून बाहेर पडलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या पिंजऱ्यातले किती तरी चेहरे आले. एकाने बांधावरच्या मारामारीत स्वतः पहिली काठी उगारल्याचे कबूल केले होते, कारण आपण पळून गेलो हे म्हणणे त्याला सोसेना. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. माणसाला मान वाचवायची असते, पण त्याआधी नाक वाचवायचे असते.

आणि कधी तरी, फार क्वचित, माणूस स्वतःच्या अपायाचे बोलतो आणि सगळ्या कोर्टाचा नूर पालटतो. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप सरळ कबूल केला आणि कायद्यात असेल तेवढी मोठी शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेची आठवण काढून तेवढीच, म्हणजे सहा वर्षांची शिक्षा दिली. पण देताना त्यांनी आरोपीविषयी जो आदर दाखवला, तो वाचून आजही नवल वाटते. तेथे उलटतपासणीला काही उरलेच नव्हते. जो स्वतःसाठी काहीच मागत नाही, त्याचा शब्द कापायला हत्यार कोठून आणायचे?

एवढ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत मला आता माझ्या आत्याला आणून बसवायचे आहे. वाचकांना ही आगळीक वाटेल. पण तिची साक्ष मी स्वतः ऐकली आहे.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावची पाण्याची सगळी ठिकाणे आटली. तेव्हा आमच्या आजोबांच्या नावावरच्या खालच्या तुकड्यात विहीर खोदली गेली. मी बारा वर्षांचा होतो. टोपलीने मुरूम वाहिल्याचे मला आठवते. विहिरीला पाणी लागले आणि त्या तुकड्याचे सोने झाले. पुढे आजोबा वारले, आणि चार वर्षांत माझे वडील आणि काका यांच्यात वाटणीचा दावा उभा राहिला. वाद होता तो विहिरीच्या तुकड्याचा. वडील म्हणत, विहीर समाईक पैशांतून झाली आहे, आणि मी थोरला, तो तुकडा माझ्याकडे यावा. काका म्हणत, विहिरीला लागलेले पैसे माझे आहेत. कागद कोणाजवळच नव्हता. गावठी विहिरीच्या पावत्या कोण ठेवतो?

आत्या बालपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिने दोघा भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर अंगठा केला होता आणि ती आमच्या घरी, वडिलांच्या आश्रयाला राहत होती. वडिलांनी तिला साक्षीला बोलावले. १९८१ सालची दिवाळी तोंडावर आली होती. मी एकवीस वर्षांचा, शेती करायची असे ठरवून बसलेला. मागच्या बाकावर बसून मी सारे ऐकत होतो.

आधी वडिलांची साक्ष झाली. ते शपथेवर म्हणाले, ‘विहीर माझ्या वडिलांच्या हयातीत खोदली. घर एकत्र होते. खोदकामावर मी स्वतः उभा होतो.’ यातले अक्षरही खोटे नव्हते. आजोबा हयात होते, चूल एक होती, आणि वडील दोन महिने उन्हात उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे नोकरीत हजारो साक्षी टंकताना मला या तीन वाक्यांची वारंवार आठवण होई. स्वतःच्या सोयीचे बोलणे म्हणजे बहुतेक वेळा खोटे बोलणे नसतेच. खऱ्या गोष्टींच्या राशीतून आपल्याला हव्या त्या निवडायच्या आणि उरलेल्यांवर घोंगडी पांघरायची, एवढेच ते असते. शपथेत खरे सांगेन, संपूर्ण खरे सांगेन आणि खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, असे तीन तुकडे असतात. पहिला आणि तिसरा पाळणारे पुष्कळ भेटले. मधला फार जड असतो.

मग आत्या पिंजऱ्यात आली. नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, आणि कठड्याला धरलेला हात. आमच्या वकिलाने तिला मोजकेच विचारले. विहीर कधी झाली? ‘दुष्काळात.’ तुमचे वडील तेव्हा होते का? ‘होते की.’ वकील समाधानाने खाली बसले.

काकांचे वकील उठले. त्यांना दाखवायचे होते, की ही बाई वादीच्या मिठातली आहे.

‘तुम्ही राहता कोणाकडे?’

‘दादाकडे.’

‘जेवता कोणाकडे?’

‘दादाकडेच.’

‘लुगडे कोण घेते?’

‘दादा घेतो. वर्षाला दोन.’

‘म्हणजे दादाच्या विरुद्ध तुम्ही काही बोलणार नाही.’

आत्याने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हटले, ‘विहिरीला पैसा कोणाचा लागला, ते मला अजून कोणी विचारलेच नाही.’

कोर्टात एकदम शांतता पसरली. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि स्वतःच म्हणाले, ‘बाई, सांगा. कोणाचा लागला?’

‘धाकट्या वहिनीच्या पाटल्या मोडल्या. तिच्या माहेरच्या. चार होत्या. सोनाराकडे तिच्यासंगं मीच गेले होते.’

काकूच्या हातांत त्यानंतर काचेच्याच बांगड्या असत. घरातली सगळी माणसे रोज त्या हातांचे वाढलेले जेवत होती.

मग जे घडले ते थोडे कायद्याच्या भाषेत सांगावे लागेल. आपलाच साक्षीदार उलटला, तर त्याला फितूर ठरवून त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी वकील मागू शकतो. आमचे वकील तशी परवानगी मागायला अर्धवट उठले. आता ते आत्याला विचारणार होते, की तुम्हाला काकांनी फोडले आहे ना? तुम्ही खोटी साक्ष देत आहात ना? वडिलांनी मागून त्यांच्या काळ्या डगल्याची बाही धरली. ‘राहू द्या,’ ते म्हणाले. वकिलांनी वळून पाहिले. वडिलांनी मान हलवली. वकील बसले.

निकाल लागला. विहिरीचा तुकडा काकांकडे गेला, आमच्या वाट्याला वरचे जिरायत आले. जिरायतीवर दोन पिढ्या जगत नाहीत, हे मला कळत होते. मी टंकलेखनाची परीक्षा दिली आणि पुढच्या वर्षी, १९८२ साली, कोर्टात नोकरीला लागलो. म्हणजे आत्या त्या दिवशी ‘होते की’ म्हणून गप्प राहिली असती, तर आज मी बागायतदार असतो आणि हा लेख लिहिण्याऐवजी उसाला पाणी देत असतो. मित्र मला विचारतात, तुला तिचा राग नाही आला? तेव्हा आला होता. वरच्या माळावरून खालची हिरवी पट्टी दिसायची तेव्हा पुष्कळ वर्षे येत होता. पण रोज दहा माणसांचा ‘मी’ लिहिता लिहिता तिच्या बोलण्याचे वजन मला हळूहळू कळू लागले. जिच्या पानातला भात ज्याच्या हातात, त्याच्यासमोर उभे राहून ती बोलली होती. हजारो साक्षीदारांत तसे बोललेले मला पुढे चार-पाचच भेटले असतील.

त्या साक्षीनंतर आठवडाभर वडील तिच्याशी बोलले नाहीत. ती रोजच्यासारखी पहाटे उठे, अंगणात सडा घाली, चकलीची भाजणी भाजी. वडील तिच्याशी आता कसे वागतात, याची आम्हा मुलांना धास्ती होती. भाऊबीजेला संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे दोन पाट मांडले. काका येणार नाहीत, असे सर्वांना वाटत होते. ते आले. वडील माजघरातच बसून होते. तिने निरांजन पेटवले, तबक हातात घेतले आणि एका पाटासमोर काका बसलेले, दुसरा रिकामा, अशी ती नुसती उभी राहिली. तिने कोणालाही हाक मारली नाही. थोड्या वेळाने वडील उठून आले आणि पाटावर बसले. तिने दोघांना ओवाळले. वडिलांनी तबकात नेहमीची ओवाळणी टाकली आणि शेजारी नवे लुगडे ठेवले. ते त्यांनी दसऱ्यालाच, साक्षीच्या आधी, आणून ठेवलेले होते.

पुढे नोकरीत असताना एकदा मी त्या दाव्याची जुनी फाइल मिळवून आत्याची साक्ष वाचली. माझ्यासारख्याच कोणा टंकलेखकाने ती लिहिलेली होती. ‘मी माझ्या भावाकडे राहते. विहिरीसाठी माझ्या धाकट्या भावजयीच्या पाटल्या मोडल्या.’ खाली अंगठा, त्याखाली साहेबांची सही. आमच्या सगळ्यांच्या बोटांना पाठ असलेले ते शेवटचे वाक्य मी त्या कागदावर सवयीने शोधले. ते तेथे नव्हते. काकांच्या वकिलांना ते विचारण्याचे कारण उरले नव्हते, आणि आमच्या वकिलांना वडिलांनी विचारू दिले नव्हते.

वडिलांचे ते ‘राहू द्या’सुद्धा त्या कागदात कोठे नाही. ते शपथेवर उच्चारलेले नव्हते, आणि टंकलेखकाला ऐकू गेले असेल असेही वाटत नाही. त्या दोन शब्दांनी त्यांनी विहीर सोडली. मी मागच्या बाकावर होतो, म्हणून मला ते ऐकू आले.